समाधीचा पत्ता नाही, तरी पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीला चाहते विसरायला तयार नाहीत

दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी वाजवायची. धप धप टाळी, धप धप टाळी.

भुसावळजवळच्या दीपनगरमध्ये, वीज केंद्राच्या वसाहतीत टीव्हीवर मॅच बघत बसलेल्या पोरालाही हा ठेका ओळखीचा असतो. मैदान क्रिकेटचं असो नाहीतर फुटबॉलचं, स्पीकरवर हा ठेका सुरू झाला की इंग्रजीचा एक शब्द न कळणारा माणूसही पाय आपटायला लागतो. गाण्याचं नाव 'वुई विल रॉक यू'. बँडचं नाव क्वीन. आणि गाणाऱ्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी.

हा माणूस लहानाचा मोठा झाला तो आपल्या सातारा जिल्ह्यात. पाचगणीला, बोर्डिंगच्या शाळेत.

दरवर्षी २४ नोव्हेंबरला सोशल मीडियावर त्याचे फोटो फिरतात. पिवळं जॅकेट, जाड मिशी, वर उंचावलेली मूठ. खाली जगभरच्या भाषांमधल्या कमेंट. १९९१ साली याच तारखेला तो लंडनमध्ये गेला, तेव्हा त्याचं वय होतं ४५. आज कमेंट करणाऱ्यांमधले अर्धेअधिक तेव्हा जन्मालाही आले नसतील. त्यांनी त्याला कधी स्टेजवर पाहिलं नाही, पाहण्याची शक्यताही नव्हती. तरी ते त्याच्याविषयी घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतात.

आपल्याकडे माणूस गेला की त्याची समाधी होते, चौथरा होतो, निदान चौकात फोटो लावून हार घालतात. फ्रेडीच्या चाहत्यांना त्यातलं पहिलंच मिळालेलं नाही. त्याची समाधी कुठे आहे, हे ठाऊक असलेली व्यक्ती जगात बहुधा एकच आहे आणि ती सांगत नाही.

रक्षा कुठे गेली?

फ्रेडीचे अंत्यसंस्कार २७ नोव्हेंबर १९९१ ला पश्चिम लंडनमधल्या दहनभूमीत झाले. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. रॉक संगीतातला सगळ्यात भपकेबाज गायक, आणि निरोपाला घरचे व जवळचे मोजके लोक. रक्षा मेरी ऑस्टिन यांच्याकडे गेली.

मेरी म्हणजे फ्रेडीची ऐन उमेदीच्या काळातली जोडीदार. पुढे नातं बदललं, मैत्री शेवटपर्यंत राहिली. लंडनच्या केन्सिंग्टन भागातलं 'गार्डन लॉज' हे घरही त्यानं मेरी यांच्याच नावावर केलं. आपल्याला कुणी उकरून काढू नये, अशी त्याची इच्छा होती, असं मेरी यांनी नंतर सांगितलं. रक्षा कुठे ठेवली ते मात्र त्यांनी त्याच्या आईवडिलांनाही कळू दिलं नाही, असं म्हणतात.

मग तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, घराच्या बागेतल्या झाडाखाली. कुणी म्हणालं, स्वित्झर्लंडच्या तळ्यात. २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन स्मशानभूमीत एक छोटी पाटी सापडली. तिच्यावर फ्रेडीचं मूळ नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली 'एम' हे अक्षर. बातमी फुटली, गर्दी झाली आणि थोड्याच दिवसांत पाटी गायब झाली. रक्षा तिथं नाही, असं मेरी यांनी सांगितलं.

दुसऱ्या रॉकस्टारांचं असं नाही. 'द डोअर्स'चा जिम मॉरिसन १९७१ मध्ये २७ व्या वर्षी पॅरिसमध्ये गेला, त्याच्या थडग्यापुढे आजही रांग लागते. एल्विस प्रेस्लीला त्याच्या मेम्फिसच्या घराच्या आवारातच पुरलं आहे, तिथं तिकीट काढून जाता येतं. फ्रेडीच्या चाहत्यांना मात्र जायचं ठिकाण स्वतःच शोधावं लागलं. या शोधातलं एक ठिकाण महाराष्ट्रात आहे, पण त्याकडे जग उशिरा वळलं.

फर्रोखचा फ्रेडी कसा झाला?

मूळ नाव फर्रोख बलसारा. घराणं गुजरातमधल्या बलसाडचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आडनाव तिथूनच आलं. वडील बोमी हे झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आई जेर. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये फर्रोख जन्मला. आपल्याकडे पुढे ५ सप्टेंबर शिक्षक दिन झाला, हा निव्वळ योगायोग.

आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये घातलं. झांझिबारहून बोटीनं मुंबई, तिथून पुणे, पुढे वाई आणि मग पसरणीचा घाट. आठ वर्षांचं पोर आणि आईबापांची भेट वर्षाकाठी जेमतेम. सुट्ट्यांमध्ये झांझिबार गाठणं परवडायचं नाही, तेव्हा तो मुंबईत आजी आणि मावशीकडे राहायचा.

पाचगणी तेव्हाही बोर्डिंग शाळांचं गाव होतं. १९ व्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं हे थंड हवेचं ठिकाण वसवलं, सिल्व्हर ओकची झाडं लावली. मागून पारश्यांचे बंगले आले, शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आलं. या डोंगरावर साहेबी शिस्तीत मुलं वाढायची. पहाटे उठा, प्रार्थना, खेळ, अभ्यास, दिवे बंद.

तिथं फर्रोखचा फ्रेडी झाला. दुसरं नाव पडलं 'बकी'. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, म्हणून पुढचे दात बाहेर. पोरं चिडवायची. पुढे कोट्यधीश झाल्यावरही त्यानं ते दात काढून घेतले नाहीत, आवाज बिघडेल अशी भीती त्याला वाटायची. जुन्या मुलाखतींत हसताना तो हात किंवा ओठ दातांवर आणताना दिसतो, ती सवय.

टेबल टेनिसमध्ये तो शाळेत पहिला होता. १९५८ मध्ये लहान गटात अष्टपैलू विद्यार्थ्याचं पारितोषिक मिळालं. चित्रकला उत्तम. पण खरी गोष्ट सापडली पियानोवर. मुलाच्या अंगात संगीत आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घरी पत्र लिहून पियानोची शिकवणी लावायला सुचवलं. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो जसंच्या तसं वाजवायचा, अशी आठवण वर्गमित्र सांगत आले आहेत.

मग पाच पोरांनी मिळून बँड काढला, 'द हेक्टिक्स'. सोबत ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी आणि नेपाळचा व्हिक्टरी राणा. साहित्य म्हणाल तर चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून बासचं काम भागवलेलं. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी म्हणायची. यातला क्लिफ रिचर्ड स्वतः लखनौत जन्मलेला, म्हणजे पाचगणीची मुलं ज्याला विलायती स्टार समजून नक्कल करत होती तोही मूळचा इकडचाच निघाला.

गंमत वेगळीच आहे. हेक्टिक्सचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ब्रूस मरे होता. ज्याला पुढे जगानं रॉकमधला सर्वांत मोठा 'फ्रंटमन' मानलं, तो पाचगणीत मागे बसून पियानो वाजवत होता.

बाकीच्यांचं काय झालं? व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात लेफ्टनंट जनरल झाले. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाले आणि तिथल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेत त्यांनी रंगवलेल्या पात्राचं नाव होतं गुप्ते. फरांग इराणींनी पुण्यात सिझलरचं रेस्टॉरंट चालवलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेडी झांझिबारला परतला. १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब होतं नव्हतं ते सोडून लंडनजवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिलं.

तिथं त्यानं विमानतळावर सामान वाहिलं, ईलिंगच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकलं, मित्राबरोबर बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन सुरू झाला, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. बँडचं नाव फ्रेडीनं ठेवलं, बोधचिन्ह त्यानंच काढलं, आणि स्वतःचं आडनावही बदलून मर्क्युरी केलं.

लाखोंना झील धरायला लावणारा माणूस

चाहते त्याला इतकं का धरून आहेत, याचं उत्तर नुसत्या आवाजात मिळत नाही. आवाज अफाट होताच. २०१६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. त्यांच्या मते बोलताना त्याचा आवाज खालच्या पट्टीतला होता, गाताना मात्र तो वरच्या पट्टीत जायचा, आणि त्याच्या सुराचं कंपन इतर गायकांपेक्षा वेगवान होतं. पण चांगला आवाज असलेले गायक पुष्कळ आहेत.

२९ मे १९७७. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड इथं बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपवून क्वीन आत गेला. लोक हललेच नाहीत. टाळ्या वाजवण्याऐवजी त्यांनी स्वतःच एक गाणं सुरू केलं, इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींचं आवडतं. आतमध्ये चौघेही चकित झाले. पब्लिकला गायचंच आहे, तर त्यांच्यासाठी त्यांचं गाणं का करू नये? ब्रायन मे यांनी पाय आणि टाळीवरचं 'वुई विल रॉक यू' लिहिलं, फ्रेडीनं 'वुई आर द चॅम्पियन्स'. त्याच वर्षी दोन्ही बाहेर आली. पहिल्या गाण्यात ठेक्याला ढोल नाही, ड्रम नाही. एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते रेकॉर्ड केलं आणि आवाजावर आवाज चढवून गर्दी उभी केली.

पोवाड्यात किंवा गोंधळात मुख्य गाणाऱ्यामागे झील धरणारे असतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. शाहीर उंच सूर टाकतो, मागचे तो उचलतात. फ्रेडीनं फक्त एवढंच केलं की झीलकरी स्टेजवर न ठेवता समोरच्या गर्दीतच नेमले. (पाचगणीला जाताना घाटाच्या पायथ्याशी जे पसरणी गाव लागतं, ते शाहीर साबळे यांचं जन्मगाव. फ्रेडीनं त्यांना कधी ऐकलं असेल असं म्हणायला आधार नाही, पण लोकांना गायला लावणारे दोन आवाज एकाच घाटाचे, ही नोंद घ्यायला हरकत नाही.)

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड' झाला. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा करायचा होता. क्वीनला मिळाली वीसेक मिनिटं. तोपर्यंत बँड थकल्यासारखा झाला होता, लोक त्यांना विसरत चालल्याची कुजबुज होती. दिवसाउजेडी, प्रकाशयोजनेशिवाय, पांढऱ्या बनियनवर फ्रेडी आला. मध्येच गाणं थांबवून त्यानं नुसता आलाप घेतला आणि हात पुढे केला. सत्तर हजारांवर लोकांनी तो आलाप परत केला. त्यानं आणखी अवघड घेतला, लोकांनी तोही परत केला. त्या दिवशी सगळ्यांचे कार्यक्रम झाले, लक्षात राहिला हा.

आज यूट्यूबवर तो व्हिडिओ लावणारा वीस वर्षांचा मुलगा नकळत सूर लावतो. गाणारा जाऊन तीन दशकं उलटली, पण त्यानं टाकलेला सूर उचलायला समोर कुणीतरी असतंच.

मग तो गप्प का राहिला?

चाहत्यांच्या मनात सल आहे तो इथं.

९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये क्वीनचा फ्रेडीबरोबरचा शेवटचा मोठा कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या वर्षी त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. बँडच्या सोबत्यांना त्यानं हे स्पष्ट सांगितलं तेही दोनेक वर्षांनी. जगाला काहीच सांगितलं नाही. तो वाळत चालला, जाड मेकअपशिवाय कॅमेऱ्यासमोर येईना. लंडनच्या वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर घराबाहेर तळ ठोकून बसले. त्यानं मात्र स्वित्झर्लंडच्या माँत्रोमधल्या स्टुडिओत गाणं चालू ठेवलं. उभं राहवत नव्हतं, तरी. जमेल तेवढं गाऊन ठेवतो, उरलेलं तुम्ही नंतर पूर्ण करा, असा त्या दिवसांतला त्याचा धोशा होता, असं सोबत्यांनी सांगितलं आहे.

२३ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी त्याच्या नावानं निवेदन निघालं की आपल्याला एड्स झाला आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. चाहत्यांना आजाराची बातमी आणि मृत्यूची बातमी यांच्यात एकच दिवस मिळाला.

आधी सांगितलं असतं तर? लोक आजही यावर भांडतात. सांगितलं असतं तर आजाराविषयीची भीती लवकर कमी झाली असती, असं काहींचं म्हणणं. पण तो काळ आठवायला हवा. एचआयव्हीबाधित माणसाशी हात मिळवायला लोक घाबरत होते. १९८७ मध्ये ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी हातमोजे न घालता एका रुग्णाचा हात हातात घेतला, तर ती जगभरची बातमी झाली. आणि लांब कशाला जायचं? १९८९ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तात एचआयव्ही सापडला एवढ्यावरून पोलिसांनी उचललं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गुन्हा काही नव्हता, तेव्हाचा तिथला कायदाच तसा होता. डॉमिनिक कोर्टात लढले आणि १९९२ मध्ये गेले.

अशा जगात माणसानं तोंड मिटून घेतलं, तर त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही. त्यातून फ्रेडीचे पुरुषांशीही संबंध होते, शेवटची वर्षं जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. आजार जाहीर करणं म्हणजे हे सगळंच चव्हाट्यावर आणणं होतं.

दुर्दैव असं की त्याचं वेळापत्रक चुकलं ते फक्त पाच वर्षांनी. तीन औषधं एकत्र देण्याची प्रभावी उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास आली आणि एचआयव्ही म्हणजे लगेच मरण हे समीकरण मोडलं. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधं मोफत द्यायला एप्रिल २००४ मध्ये सुरुवात झाली, पहिल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. आज जळगाव-धुळ्यातला बाधित माणूसही नियमित गोळ्या घेऊन नोकरी करतो, संसार करतो.

फ्रेडी गेल्यावर चाहत्यांचं दुःख वाया गेलं नाही. त्याचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा बाजारात आलं, ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठीच्या संस्थेला मिळाले. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकल असे सगळे आले. त्यातून 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' उभा राहिला, तो आजही एचआयव्हीविरोधात जगभर पैसा देतो. त्याच्या वाढदिवसाला चाहते खोट्या मिशा लावून, पिवळी जॅकेटं घालून ऑफिसात जातात आणि या ट्रस्टसाठी वर्गणी गोळा करतात.

पाचगणीच्या आरोग्यधामाचा वर उल्लेख आला. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी क्षयरोग्यांसाठी सुरू केलेलं ते 'बेल-एअर'. फ्रेडी शाळेत होता तेव्हा ते होतंच. पुढे ते रेडक्रॉसकडे गेलं आणि ज्या काळात एचआयव्हीबाधितांना दारात उभं करत नव्हते, त्या काळात तिथं त्यांच्यासाठी खाटा तयार झाल्या. पाचगणीत फ्रेडीची आठवण काढायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

चाहते जातात तरी कुठे?

सुरुवातीला गार्डन लॉजच्या भिंतीशी. तिथल्या भिंतीवर, हिरव्या दरवाजावर जगभरच्या लोकांनी निरोप लिहिले, चिठ्ठ्या चिकटवल्या. आत मात्र कुणालाच प्रवेश नव्हता. मेरी यांनी घरातलं सामान बत्तीस वर्षं होतं तसं जपलं आणि २०२३ मध्ये लिलावात काढलं. विक्रीआधी ते महिनाभर लोकांना बघायला ठेवलं तेव्हा १ लाख ४० हजारांवर माणसं रांगेत उभी राहिली. ज्या पियानोवर त्यानं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' रचलं तो १७ लाख पौंडांवर गेला. लोकांनी लिहून भरलेला तो हिरवा दरवाजासुद्धा चार लाखांवर पौंडांना विकला गेला. म्हणजे चाहत्यांनी फुकटात जे लिहिलं, त्याचीच किंमत आली. ब्रायन मे यांना हा लिलाव बघवला नाही, तसं त्यांनी उघडपणे लिहिलंही.

माँत्रोमध्ये तळ्याकाठी त्याचा तीन मीटर उंच पुतळा आहे, इरेना सेड्लेत्स्का या शिल्पकार बाईंनी केलेला. १९९६ मध्ये त्याच्या अनावरणाला वडील बोमी हजर होते. मुलाच्या पुतळ्यावरचं कापड बापानं काढायचं, हा प्रसंग सांगताना चाहते अजून थबकतात. तिथं दर सप्टेंबरला मेळा भरतो. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी लागली.

झांझिबारचं प्रकरण सरळ नाही. २००६ मध्ये तिथं त्याच्या साठाव्या जयंतीची पार्टी ठरली, तर एका धार्मिक गटानं विरोध केला आणि ती रद्द झाली. २०१९ मध्ये मात्र स्टोन टाउनमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

आणि पाचगणी? इथं माँत्रोसारखा पुतळा नाही, झांझिबारसारखं संग्रहालय नाही. याला थोडा फ्रेडी स्वतःही कारणीभूत आहे. भारतातल्या दिवसांविषयी तो मुलाखतींत जवळजवळ बोललाच नाही. विचारलं तर आपण पर्शियन आहोत म्हणायचा. जे पारश्यांच्या बाबतीत हजार वर्षं मागे जाऊन खरं होतं, पण उत्तर टाळायलाही सोयीचं होतं. भारतीय चाहत्यांना हे लागतं. त्यानं आपल्याला नाकारलं का?

पण साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्लंड म्हणजे आशियाई चेहऱ्याच्या माणसाला रस्त्यात शिव्या पडण्याचा काळ. घर भाड्यानं देताना रंग बघायचे. त्या देशात पोट भरायला आलेल्या, निर्वासित होऊन आलेल्या घरातल्या मुलानं नाव बदललं, यात नवल काय? घरात तो आईसाठी शेवटपर्यंत फर्रोखच होता. त्याचे अंत्यसंस्कारही पारशी प्रार्थनांनीच झाले.

२०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपटानं जगाला फर्रोख बलसारा हे नाव सांगितलं. रामी मालेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण चित्रपट सुरू होतो तो लंडनमध्ये. पाचगणीची वर्षं पडद्यावर नाहीत. ती भरून काढली चाहत्यांनी. वर्गमित्रांच्या आठवणी, हेक्टिक्सचा तो काळापांढरा फोटो, त्यात पाच पोरं, एकसारखे टाय, केसांचा कोंबडा. हा फोटो आता जगभर फिरतो आणि त्याखाली कुणीतरी ब्राझीलचा नाहीतर जपानचा माणूस विचारतो, पाचगणी कुठे आहे?

तिकडे बँडनं त्याचं गाणंही संपू दिलेलं नाही. माँत्रोमध्ये गाऊन ठेवलेल्या त्याच्या आवाजावर १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' हा अल्बम निघाला. २०२२ मध्ये जुन्या टेपांमधून आणखी एक गाणं निघालं, 'फेस इट अलोन'. गेल्यावर ३१ वर्षांनी माणसाचं नवीन गाणं आलं आणि लोकांनी ते पहिल्या दिवशी, नव्या गायकाचं ऐकावं तसं ऐकलं.

खान्देशातून पाचगणीला जायचं तर भुसावळहून रेल्वेनं पुणे, पुण्याहून एसटीनं वाई आणि मग पसरणीचा घाट. सेंट पीटर्स आजही चालू शाळा आहे, मुलं राहतात, त्यामुळे परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. बरेच चाहते फाटकापाशी फोटो काढतात, कानात इअरफोन घालून एखादं गाणं ऐकतात आणि टेबललँडकडे निघतात. ५ सप्टेंबरला जाणार असाल तर छत्री घ्या, तेव्हा तिथं पाऊस आणि धुकं असतं. २४ नोव्हेंबरला आभाळ मोकळं असतं, पण संध्याकाळी स्वेटर लागतो.